विश्लेषण : सायकल नेमकी किती किलोमीटर चालवावी? आपलं ‘आरामाचं अंतर’ कसं ओळखायचं?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा नजर टाका. भिंतीला टेकवलेल्या, टायरमधली हवा गेलेल्या, सीटवर धुळीचा थर साचलेल्या तीन-चार सायकली हमखास दिसतील. त्यातल्या बऱ्याच २०२० च्या लॉकडाऊनमध्ये किंवा त्यानंतर हौसेने घेतलेल्या असतात. त्या बंद का पडल्या, असं विचारलं की ‘वेळ मिळत नाही’ हे उत्तर येतं. थोडं खोदून विचारलं तर दुसरं कारण निघतं. पहिल्याच महिन्यात झेपणार नाही इतकं अंतर मारलं, अंग दुखलं आणि सायकल सुटली.

माझंही तेच झालं होतं. सायकल घेऊन तीनच आठवडे झाले होते. एका ग्रुपसोबत मी कोथरूडहून कामशेतला निघाले. जाऊन-येऊन जवळपास ९० किलोमीटर. त्याआधीची माझी सगळ्यात मोठी फेरी होती १८ किलोमीटरची. जाताना जोश होता, फोटो झाले, मिसळ झाली. परत येताना सोमाटणे फाट्याजवळ उजवा गुडघा इतका दुखायला लागला की पॅडल मारता येईना. शेवटी सायकल एका टेम्पोत टाकली. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “अगं, तिथपर्यंत जायला सांगितलं कुणी होतं?” पुढचे चार महिने सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे कळलं, ते या लेखात आहे. हौशी सायकलस्वाराने किती अंतर चालवावं? ते कोणी ठरवायचं आणि कसं?

‘आरामाचं अंतर’ म्हणजे काय?

आपण जास्तीत जास्त जितकं जाऊ शकतो, ते आपलं कमाल अंतर. आरामाचं अंतर त्याहून कमी असतं. जे अंतर कापून घरी आल्यावर दिवसाची बाकीची कामं नेहमीसारखी करता येतात आणि एक दिवसाआड पुन्हा तितकंच जावंसं वाटतं, ते आपलं आरामाचं अंतर.

या व्याख्येत ‘पुन्हा’ हा शब्द महत्त्वाचा. एकदाच ९० किलोमीटर मारून चार महिने बंद पडण्यापेक्षा आठवड्यातून चारदा १० किलोमीटर चालवणं शरीरासाठी कितीतरी फायद्याचं. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. वय, वजन, झोप, रस्ता, सायकलचा प्रकार, सीटची उंची अशा बऱ्याच गोष्टी त्यात येतात. म्हणून मित्राचा आकडा आपल्याला लागू पडत नाही.

आरोग्यासाठी किती किलोमीटर पुरतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा. व्यायाम जोरकस असेल तर ७५ ते १५० मिनिटंही पुरतात.

याचं सायकलच्या भाषेत रूपांतर करू. ताशी १५ किलोमीटर हा रमतगमत सायकल चालवणाऱ्याचा साधारण वेग. या वेगाने १५० मिनिटांत होतात साडेसदतीस किलोमीटर. तेही एका दिवसात नाही, आठवड्याभरात. चार दिवसांत विभागले तर दिवसाला साडेनऊ किलोमीटरही होत नाहीत.

म्हणजे तब्येतीसाठी सायकल चालवत असाल तर रोज अर्ध्या-पाऊण तासाची फेरी पुरेशी आहे. त्याहून जास्त अंतर आनंदासाठी चालवावं, पण ते न जमल्याची खंत नको.

वेग थोडा वाढवला तर एवढा दम का लागतो?

इथे थोडं गणित करू. सायकल ढकलताना आपण सपाट रस्त्यावर मुख्यतः दोन गोष्टींशी झुंजतो. एक, टायर आणि रस्त्यातलं घर्षण. दुसरी, समोरची हवा. घर्षण वेगाबरोबर फारसं बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो.

माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन, साधी सायकल, ताठ बसण्याची पद्धत आणि वारा नसलेला सपाट रस्ता धरला, तर अंदाजे हिशेब असा येतो :

• ताशी १५ किलोमीटर : सुमारे ५५ वॅट
• ताशी २० किलोमीटर : सुमारे १०० वॅट
• ताशी २५ किलोमीटर : सुमारे १७० वॅट

वेग १५ वरून २५ वर नेला, म्हणजे दुप्पटही नाही, तरी ताकद मात्र तिप्पट लागते. नियमित व्यायाम नसलेल्या माणसाला ढोबळमानाने ७५ ते १०० वॅट तासभर देता येतात. त्याच्या वर गेलं की धाप लागते. म्हणूनच ताशी १५ ने आरामात २० किलोमीटर जाणारा माणूस ग्रुपमागे ताशी २५ ने निघाला, तर आठव्या-दहाव्या किलोमीटरलाच थकतो. त्याला वाटतं, आपल्याला अंतर झेपत नाही. खरं तर त्याला तो वेग झेपत नसतो.

२० किलोमीटर सगळीकडे सारखे असतात का?

अजिबात नाही. वारा आणि चढ हे दोन घटक मोबाइलवरच्या किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाहीत, पायांना मात्र बरोबर कळतात.

आधी वारा. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल, तर ताशी १५ ने जायलाही वरच्या हिशेबाप्रमाणे सुमारे १०० वॅट लागतात. म्हणजे चालवतोय १५ ने, दमतोय २० ने चालवल्यासारखं.

पुण्यात पावसाळ्यात वारा साधारण पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. शहरातून खडकवासल्याला निघालं की तो समोरून लागतो, रस्ताही हळूहळू चढत जातो. जाताना कष्ट, येताना मजा. हीच फेरी हडपसर, लोणी काळभोरच्या दिशेने केली तर उलट होतं. जाताना वारा पाठीवर असतो, सायकल आपोआप पळते, ‘आज काय फॉर्म आहे’ असं वाटतं. मग परत वळल्यावर खरी परीक्षा सुरू होते. म्हणून नवख्यांनी एक नियम पाळावा : निघताना वारा तोंडावर घ्यावा, परतताना पाठीवर.

आता चढ. वरच्याच हिशेबाने, १०० मीटर उंची चढायला जितकी ऊर्जा लागते, तितक्यात सपाटीवर ताशी १५ ने सहा ते सात किलोमीटर होतात. हे सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे. सिंहगडाचं उदाहरण घेऊ. पायथ्याच्या गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंतचा घाट साधारण नऊ किलोमीटरचा, चढ सहाशे मीटरच्या आसपास. या नऊ किलोमीटरला सपाटीवरच्या चाळीसहून अधिक किलोमीटरइतकी ऊर्जा लागते. सिंहगड चढून आलेल्या मित्राने ‘आज फक्त पन्नास झाले’ असं सांगितलं, तर त्या ‘फक्त’वर जाऊ नका.

तिसरी गोष्ट सायकलची. जाड टायरच्या सायकली दिसायला रुबाबदार असतात आणि खड्ड्यांत सोयीच्याही. पण टायर जाड आणि त्यात हवा कमी असेल, तर त्याच वेगाला दीडपटीपर्यंत ताकद लागू शकते. टायरच्या कडेवर हवेचा दाब किती असावा हे लिहिलेलं असतं. आठवड्यातून एकदा हवा तपासली तर अंतर फुकटात वाढतं.

मग आपलं अंतर शोधायचं कसं?

चार आठवड्यांचा एक साधा प्रयोग करता येतो. त्यासाठी महागडं घड्याळ लागत नाही. मी आणि बाबांनी तो बरोबरच केला.

पहिला आठवडा : किलोमीटर विसरा, वेळ धरा. २० मिनिटं जा आणि जिथे असाल तिथून वळा. एक दिवसाआड, तीनदा. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. याला गप्पांची चाचणी म्हणू. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा.

दुसरा आठवडा : वेळ तीच, दिवस चार. आता किलोमीटर पाहायला हरकत नाही. फक्त लिहून ठेवा, वाढवू नका.

तिसरा आठवडा : सुट्टीच्या दिवशी ३० मिनिटं जा, ३० मिनिटांत परत या. बाकीचे दिवस आधीसारखेच.

चौथा आठवडा : तिसऱ्या आठवड्यातली मोठी फेरी नीट पार पडली असेल तरच ४० मिनिटं जाणं, ४० मिनिटं येणं. नसेल तर आधीचीच फेरी पुन्हा करा.

‘नीट पार पडली’ हे ठरवायला तीन प्रश्न आहेत :

१. घरी आल्यावर जिना नेहमीसारखा चढता आला का? आंघोळ, नाश्ता करून कामाला लागता आलं, की तासभर सोफ्यावर पडून राहावं लागलं?

२. दुसऱ्या दिवशी सकाळी उठता-बसताना कुठे टोचणारी वेदना आहे का? मांड्यांना हलका जडपणा चालेल. सांध्यातली वेदना चालणार नाही.

३. पुढच्या फेरीचा गजर वाजल्यावर निघावंसं वाटतं का?

तिन्हींची उत्तरं मनासारखी आली तर फेरी पास. एक जरी बिनसलं तर पुढच्या वेळी दहा मिनिटं कमी करा. लागोपाठ दोनदा पास झालेली सगळ्यात लांब फेरी म्हणजे तुमचं आजचं आरामाचं अंतर. ‘आजचं’ म्हणायचं कारण असं की ते बदलतं. जागरण झालं, ताप येऊन गेला, एप्रिल-मेचं ऊन असलं की कमी होतं. दोन महिने सातत्य ठेवलं की वाढतं.

यात एक धोका लक्षात ठेवायला हवा. चालताना दमलो तर रिक्षा मिळते. सायकल घेऊन दमलो तर सायकलसकट घरी यावं लागतं. म्हणून थकल्यावर वळायचं नाही, थकण्याआधी वळायचं. अंगातली ताकद अर्धी संपल्यावर वळलं तर उशीर झालेला असतो, कारण परतीला ऊन चढलेलं असतं आणि रस्त्यावर गाड्याही वाढलेल्या असतात.

पाय थकण्याआधीच दुसरं काही दुखत असेल तर?

अनेकांचं अंतर दम किंवा पाय नाही, तर सायकलची मापं अडवून धरतात. माझ्या गुडघ्याचं मूळ तेच होतं. सीट खाली होती.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खूप खाली असते किंवा जड गिअरवर जोर लावला जात असतो. मागून दुखत असेल तर सीट जास्त वर असण्याची शक्यता असते. तपासायची सोपी रीत अशी : भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. पॅडल पूर्ण खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो. तोच हवा. गिअर असतील तर हलका गिअर ठेवून पाय जरा भरभर फिरवा. मिनिटाला ७० ते ९० फेरे ही बहुतेकांना मानवणारी गती.

बैठक दुखणं पहिल्या दोन आठवड्यांत स्वाभाविक आहे. बसताना वजन दोन हाडांवर येतं आणि त्यांना सवय व्हायला वेळ लागतो. त्यावर जाडजूड मऊ सीट कव्हर हा उपाय सगळ्यांना वाटतो. पण फार मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि दाब भलतीकडे येतो. सीट मऊ असण्यापेक्षा तिची रुंदी आपल्या हाडांना जुळणं महत्त्वाचं. बायकांच्या बसण्याच्या हाडांमधलं अंतर बहुधा जास्त असतं, त्यामुळे दुकानातून सायकलबरोबर आलेली अरुंद सीट त्यांना अनेकदा त्रास देते. सीट बदलल्यावर माझं अंतर पाच किलोमीटरने वाढलं, पाय तेच होते.

हाताला मुंग्या येत असतील तर हँडलवर जास्त भार पडतोय. कोपर थोडं वाकवा, पकड बदलत राहा आणि सीट पुढे झुकलेली नाही ना, ते पाहा.

पाणी आणि खाणं किती?

तासाभराच्या सावकाश फेरीला पाण्याची एक बाटली पुरते. निघताना पोट अगदी रिकामं नको, तुडुंबही नको. फेरी दीड तासाच्या पुढे जाणार असेल तर मात्र वाटेत खायला हवं. स्नायूंमधला साखरेचा साठा मर्यादित असतो. तो संपत आला की पाय अचानक शिशासारखे जड होतात, डोकं हलकं होतं. लांब फेरीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं खावीत, असं साधारणपणे सांगितलं जातं. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. केळं, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू खिशात मावतात आणि उन्हात खराब होत नाहीत.

भूक लागेपर्यंत थांबायचं नाही, हे महत्त्वाचं. आणि अर्ध्या वाटेवर तर्रीदार मिसळ हाणून लगेच पुढे निघायचं असेल, तर त्याचं उत्तर परतीच्या चढावर मिळतं. अनुभवाने सांगते. मिसळ घराजवळ, शेवटी.

ग्रुपसोबत जावं की एकट्याने?

ग्रुपचे फायदे खरे आहेत. पहाटे उठायला कारण मिळतं, पंक्चर झालं तर मदत मिळते, निर्जन रस्त्यावर सोबत असते. मुलींसाठी ही सोबत अनेकदा घराबाहेर पडण्याची अटच असते. अडचण येते ती आकड्यांची. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणाचे तरी शंभर किलोमीटर झालेले असतात, स्ट्राव्हावर यादी लागलेली असते, सोशल मीडियावर शंभर दिवसांची आव्हानं असतात. आपले बारा किलोमीटर तिथे टाकायची लाज वाटते.

ग्रुप निवडताना दोन प्रश्न विचारा : सरासरी वेग किती, आणि मागे राहणाऱ्यासाठी कोणी थांबतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर पहिल्याची फार चिंता नको. आणि जिथून वळायचं ते निघण्याआधीच सांगून ठेवा. ‘मी डोणज्यापर्यंतच येणार’ असं आधी सांगितलं की वाटेत कोणी ‘अगं चल, थोडंच राहिलंय’ म्हणत नाही.

कोणी जास्त काळजी घ्यावी?

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी किंवा बरीच वर्षं व्यायाम नसलेल्यांनी सुरुवात करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाने खाली जाऊ शकते. त्यांनी गोड काहीतरी जवळ ठेवावं. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवतात. अशा वेळी घड्याळातला ठोक्यांचा आकडा फसवा असतो, गप्पांची चाचणीच बरी.

छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं तर लगेच थांबा आणि मदत घ्या. घर दोनच किलोमीटरवर आहे, हे पुढे जाण्याचं कारण होऊ शकत नाही.

हेल्मेट आणि मागचा लाल दिवा प्रत्येक फेरीला लागतो, फेरी दोन किलोमीटरची असली तरी.

अंतर वाढवायचंच असेल तर?

जरूर वाढवा. महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची परंपरा आता चांगली रुजली आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरची ही शर्यत आहे. हौशी लोकांसाठी ‘बीआरएम’ म्हणजे ब्रेवे असतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास मिळतात. २०० किलोमीटरला थांबे धरून ताशी १५ ची सरासरी पुरते. म्हणजे या प्रकारातही कस वेगापेक्षा सातत्याचा लागतो.

तिथे पोहोचायचा रस्ता मात्र आरामाच्या अंतरातूनच जातो. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. आधी आठवड्यातले दिवस, मग वेळ, मग चढ, सगळ्यात शेवटी वेग. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी चालवा. स्नायू लवकर तयार होतात, पण सांध्यांभोवतालचे स्नायुबंध हळू. त्यांना वेळ दिला नाही तर सोमाटणे फाटा ठरलेला.

शेवटी आकडा किती आला?

आमच्या घरात दोन आले. बाबांचं वय ५९, रक्तदाबाची गोळी चालू, सायकल गिअर नसलेली. त्यांचं आरामाचं अंतर १२ किलोमीटर. माझं २६. पहिल्या दिवसांत मला वाटायचं, बाबांनी निदान वीसपर्यंत तरी यावं. एकदा आग्रह करून नेलंही. दुसऱ्या दिवशी ते तिसऱ्या प्रश्नात नापास झाले. गजर बंद करून झोपले.

आता ते आठवड्यातून पाच दिवस १२ किलोमीटर जातात. म्हणजे आठवड्याला ६०. माझे २६ दोनदा होतात, म्हणजे ५२. पार्किंगमधल्या आमच्या दोन सायकलींपैकी जास्त चालते ती त्यांची.